आमेन झालं का, बाई?

“बाई, सलोमीनी आजबी डोळे मिटले नाय.”

आमेन म्हणून अजून कुणाची मानही पुरती वर झाली नव्हती, तेवढ्यात पुष्पीनं तक्रार केली. पुष्पी आठ वर्षांची होती आणि माझी डोळ्यांची मॉनिटर होती. म्हणजे प्रार्थनेच्या वेळी बाकीच्यांनी डोळे मिटायचे आणि पुष्पीनं उघडे ठेवून कोण मिटत नाही ते बघायचं. अशी नेमणूक साऱ्या नगर जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या शब्बाथ शाळेत झाली नसेल. ही अक्कल माझीच. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत घरी बसले होते आणि दर रविवारी उपासनेआधी देवळाच्या ओट्यावर लहान मुलांचा वर्ग घेत होते. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात आणि रविवारच्या या वर्गाला शब्बाथ शाळा.

“सलोमी, इकडे ये,” मी म्हणाले.

ती हलली नाही. पुष्पीनं ढोसल्यावर आली आणि समोर उभी राहिली. सात वर्षांची, काटकुळी, दोन घट्ट वेण्या, पिवळा फ्रॉक. तिचे वडील शांतवन पारधे साखर कारखान्यात फिटर म्हणून लागले होते आणि चार महिन्यांपूर्वीच ते बिऱ्हाड गावात आलं होतं. ही पोर माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहायची. ती सवय मला मुळीच आवडत नसे. मोठं माणूस बोलत असताना लहानानं नजर खाली ठेवावी, अशा वळणात मी वाढलेले. आणि ही अशी बघायची, की माझ्या दातांत मेथीचं पान अडकलंय की काय असं मलाच वाटायचं.

“डोळे का मिटत नाहीस तू?”

“मिटले की समदे जात्यात,” ती म्हणाली. तिचा आवाज फार मोठा आणि एकाच पट्टीतला होता.

“कुठे जातात?”

तिनं खांदे उडवले. “जात्यात.”

सगळी मुलं खो खो हसली. मला वाटलं, ही पोरगी माझी सरळसरळ टिंगल करते आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला मुलं पांगेपर्यंत ओट्याच्या खांबाशी उभं केलं. उभं करणं ही माझी नेहमीची शिक्षा होती. मारायची मी कधीच नाही, आणि त्याचाही मला अभिमान होता.

खरं तर तेव्हा मला पुष्कळच गोष्टींचा अभिमान होता. मुलांना प्रार्थना शिकवायची माझी एक सोपी रीत होती, तिचा तर सगळ्यांत जास्त. आमच्या देवळातले जुने पंच प्रार्थनेला उभे राहिले की ऊन एका खिडकीतून निघून दुसऱ्या खिडकीत जायचं, आणि पोरं पेंगायची. म्हणून मी मुलांना तीनच शब्द दिले होते. धन्यवाद, चुकलं, दे. ज्यानं त्यानं आपल्या मनातलं एकेक वाक्य त्यात घालायचं आणि आमेन म्हणायचं. शिमोन नावाचा एक मुलगा म्हणायचा, “शेळीला दोन पिल्लं झाली, धन्यवाद. पुष्पीची पेन्सिल मी लपवली, चुकलं. मला भवरा दे. आमेन.” इतकं स्वच्छ मला आज सत्तरी गाठली तरी बोलता येत नाही.

पण सहा आठवड्यांवर बालरविवार आला होता. त्या दिवशी सगळी उपासना मुलं चालवतात, आणि त्या वर्षी नगरहून दोन परीक्षक येणार होते. आसपासच्या अकरा गावांत ज्यांची शब्बाथ शाळा उत्तम, त्यांना ढाल मिळणार होती. गुणांचा तक्ता मी पाठ केला होता. गाणी, वचनं, हजेरी, आणि प्रार्थनेच्या वेळची शिस्त. शिस्तीला वीस गुण. माझ्या वर्गात मुलं सत्तावीस. चोपन्न डोळ्यांपैकी पन्नास मिटत होते, दोन पुष्पीचे परवान्यानं उघडे होते, आणि उरलेले दोन सलोमीचे. माझे स्वतःचे मी धरले नाहीत. प्रार्थना चालू असताना माझेही डोळे उघडेच असायचे. कुणीतरी राखण करायला नको?

बिनकामाच्या त्या दोन डोळ्यांपायी ढाल जाणार, हे मला दिसत होतं. सलोमीला वर्गातून काढून टाकावं असं माझ्या मनानं घेतलं.

*

बुधवारी संध्याकाळी मी कारखान्याच्या चाळीत तिच्या घरी गेले. सलोमीची आई रूथबाई दीड महिन्याची बाळंतीण होती. बाळ मांडीवर घेऊन ती दारातच बसली होती. सलोमी आमच्याकडे पाठ करून अंगणात ज्वारी निवडत होती.

मी “सलाम” म्हणाले. रूथबाईनं सलाम घेतला आणि माझ्याकडे बघून तिचा चेहरा पडला.

“बाई, तुमीबी तेच सांगाया आल्या का?”

“तेच म्हणजे?”

“शाळंतल्या गुरुजीनं काढलं तिला. म्हनले, हट्टी पोर हाय, हाक मारली तर वळत नाय, सांगितलं ते पाटीवर लिहीत नाय. घरी ठेवा. मंग हिच्या बापानं मारलं तिला. मीबी मारलं. खोटं कशाला बोलू.” तिनं बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. “चार वर्साची असताना गोवर झाला व्हता. लई ताप. त्यातनं उठली ती अशीच उठली. त्याच्याआधी लई गुनाची व्हती हो.”

मग तिनं हाक मारली, “सलोमे! ए सलोमे!” पोरगी ज्वारी निवडतच राहिली. “बघा,” रूथबाई म्हणाली. ती बाळाला घेऊन उठली, अंगणात गेली आणि सलोमीची वेणी ओढली. सलोमीनं वर पाहिलं. “बाईला पानी आन,” एवढं आई म्हणाली मात्र, पोरगी टुणकन उठली आणि तांब्या घेऊन आली.

समोरून सांगितलं की ऐकते, पाठीमागून सांगितलं की ऐकत नाही. मनात असेल तेव्हाच ऐकते, असा हिशेब मी लगेच मांडला. एकदा वाटून गेलं, हिच्या कानांत तर काही नसेल? पण तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला आणि सलोमी दचकली. मान वळवून तिनं धुराड्याकडे बघितलं. झालं, माझी शंका तिथेच फिटली.

“रविवारची शाळा तेवढी ऱ्हाऊ द्या, बाई,” रूथबाई म्हणाली. “सोमवारपासनं फ्राक धू म्हनून माज्या मागं लागती. दुसरं कुठं जायाचंच नाय तिला. पोरी खेळाया घेत नाय. तुमी काढलं तर ती घरातच बसंल.”

मी जरा विरघळले, पण जराच. “डोळे मिटले तर राहील. एवढंच सांगा तिला. सगळे मिटतात, तिनंही मिटायचे.”

रूथबाईनं सलोमीची हनुवटी धरली आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “प्रार्थना चालू झाली का डोळे मिटायचे. आमेन व्हस्तवर उघडायचे नाय. उघडले तर बाई तुला शाळंतनं काढतील. कळलं?”

सलोमीनं आईच्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, ती मला तेव्हाही दिसली, पण ती चांगल्या कामाची भीती आहे असं मी समजले.

“आमेन व्हस्तवर,” ती म्हणाली.

*

त्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. गाणी झाली, वचनं झाली. गाण्यात ती नेहमी दुसऱ्याच्या हाताकडे बघून टाळी वाजवायची आणि टाळी अर्धा ठोका मागे पडायची. त्याबद्दलही मी तिला बोलून घेतलं होतं.

“उभे राहा. हात जोडा, डोळे मिटा, मान खाली.”

मी बघितलं. सलोमीनं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, एक मोठा श्वास घेतला आणि डोळे मिटले. नुसते मिटले नाहीत, तिनं ते करकचून आवळले, नाकाला सुरकुत्या पडल्या. जोडलेल्या हातांची बोटं पांढरी झाली होती. मला असा काही आनंद झाला म्हणता! मुलांनी एकामागून एक आपली धन्यवाद-चुकलं-दे म्हटली, शेवटी मी दोन वाक्यं म्हटली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. त्याच क्षणी पाळकसाहेबांनी उपासनेचा टोल दिला. आमच्या देवळाला तेव्हा घंटा नव्हती. झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा होता, त्यावर हातोडी मारायची. टोल पडला की मुलं पळत आत जायची, पुढच्या सतरंजीवर जागा पकडायला. तशी ती गेली. मी कडेला ठेवलेला हजेरीपट आणि गाण्याची पुस्तकं उचलली आणि मागे वळून न बघता दुसऱ्या दारानं आत जाऊन पेटी वाजवायला बसले. मनात ढाल कुठल्या भिंतीवर लावायची याचा विचार चालला होता.

दोन गाणी झाली, पापांगीकार झाला, शास्त्रवाचन झालं. पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला तसं मला काम उरलं नाही, म्हणून सवयीनं मी सतरंजीवरची डोकी मोजली. सव्वीस.

पुन्हा मोजली. सव्वीसच.

मी पुष्पीकडे बघून भुवया उडवल्या आणि ओठांनी विचारलं, सलोमी? पुष्पी वाकून माझ्याजवळ आली आणि कुजबुजली, “ती भाहेर हाय ना. तुमी उभी केलीय तिला.”

“मी?”

“मंग कोनी? उभीच हाय ती. आमाला, मोठ्या मानसांनाबी वाटलं शिक्षा हाय.”

मी पेटीवरून उठले आणि बाहेर गेले.

सकाळी ओट्यावर सावली असते. एव्हाना ती भिंतीपर्यंत सरकली होती. रिकाम्या ओट्याच्या मधोमध, भर उन्हात, सलोमी उभी होती. हात जोडलेले, मान खाली, डोळे तसेच आवळलेले. पाय लटलटत होते. गालांवरून घाम आणि आसवं एकत्र ओघळत होती. फ्रॉकची मागची बाजू ओली झाली होती आणि पायांशी फरशी ओली होती. पाऊण तास होऊन गेला होता.

“सलोमी,” मी म्हणाले.

ती हलली नाही.

“सलोमी, अगं आमेन झालं. केव्हाच झालं.”

काही नाही. मी तिच्या पाठीमागे उभी होते, हातभर अंतरावर. मी तिच्या कानाजवळ टाळी वाजवली. आत पाळकसाहेबांचा आवाज एक क्षण थांबला, इतकी मोठी टाळी. सलोमीची पापणीसुद्धा लवली नाही.

त्या टाळीनं जे सांगितलं ते मला चार महिन्यांत कळलं नव्हतं. गुरुजींना कळलं नव्हतं, आईबापांना तीन वर्षांत कळलं नव्हतं. पोरीला ऐकूच येत नव्हतं. ती माणसांची तोंडं वाचत होती, आणि इतकी चांगली वाचत होती की कुणाला पत्ता लागू दिला नाही. फक्त प्रार्थनेच्या वेळी आम्ही सगळे माना खाली घालायचो, तोंडं लपवायचो आणि तिलाही म्हणायचो, डोळे मीट. मिटले की समदे जात्यात. तिनं तर मला सरळ सांगितलं होतं.

मी तिच्या समोर गुडघ्यांवर बसले आणि तिच्या जोडलेल्या हातांना हात लावला. ती केवढी दचकली! तिनं डोळे उघडले, उन्हानं लगेच बारीक केले, आणि माझ्या ओठांकडे बघत विचारलं,

“आमेन झालं का, बाई?”

मी नुसती मान हलवली. तिचा चेहरा एकदम उजळला.

“मी उघडले नाय,” ती म्हणाली. “मंग ऱ्हाऊ ना मी?”

मी तिला पोटाशी धरून रडले. ओल्या फ्रॉकसकट, ओट्यावर, उपदेश चालू असताना. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

*

उपासना सुटल्यावर मी पाळकसाहेबांपुढे हजेरीपट ठेवला. देठे साहेब तेव्हा साठीला आले होते. त्यांनीच माझा बाप्तिस्मा केलेला, त्यामुळे ते मला अगंतुगंच करायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला.

“मी वर्ग सोडते,” मी म्हणाले. “प्रार्थना शिकवायची माझी लायकी नाही.”

“सोड की,” साहेब म्हणाले. “कुणाला ठेवू तुझ्या जागी?”

“कुणालाही.”

“म्हणजे जिला ठेवीन तिला हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार. तुझं निदान एकदा चुकून झालंय.” त्यांनी हजेरीपट माझ्याकडे परत सरकवला. “निर्मला, तू मुलांना तीन शब्द शिकवलेस. मधला तू स्वतः कधी म्हटलास त्यांच्यासमोर?”

मी हजेरीपट हातात घेतला.

“म्हण पुढच्या रविवारी. आणि त्या मुलीला आमेन कसं कळवायचं, ते शोधून काढ. मला येत नाही ते. मला बाराव्या मिनिटाला पेंगणाऱ्यांना जागं ठेवतासुद्धा येत नाही.”

त्याच दिवशी दुपारी आम्ही दोघं चाळीत गेलो. साहेबांनी शांतवनला सांगितलं. तो धिप्पाड माणूस आधी मानायलाच तयार होईना. “भोंग्याला दचकते की ओ ती, साहेब!” मग साहेबांनी त्याला सलोमीच्या पाठीमागे उभं केलं आणि हाक मारायला लावली. त्यानं चार वेळा हाक मारली. पाचव्या वेळी त्याचा आवाज फुटला आणि तो तिच्या समोर येऊन बसला. “मी मारलं हो तिला,” एवढंच तो म्हणत राहिला. सलोमीला त्याच्या रडण्याचं काही कळेना. ती आपली त्याच्या तोंडाकडे बघून शब्द शोधत होती.

पुढच्या रविवारी मी मुलांना ओट्यावर गोल बसवलं आणि पुष्पीची नोकरी काढून घेतली. ती फुरंगटली. मग मी सगळ्यांना म्हणाले, “आज डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करायची. आणि पहिली मी म्हणणार.”

मी सलोमीला दिसेल अशी बसले. “सलोमी आपल्या वर्गात आली, धन्यवाद. तिला ऐकू येत नाही, हे मला कळलं नाही, आणि मी तिला शिक्षा केली. माझं चुकलं.” सत्तावीस पोरं आ वासून माझ्याकडे बघत होती. बाई चुकतात हे त्यांना नवीन होतं. “तिला आमेन कळायला काहीतरी उपाय दे.”

“आमेन,” मुलं म्हणाली. त्याच वेळी मी शेजारी बसलेल्या सलोमीचा हात हातात घेऊन दाबला. मी विचार करून काही केलं नाही, फक्त तिला सांगायचं होतं म्हणून दाबला. सलोमीनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग तिनं दुसऱ्या बाजूच्या पुष्पीचा हात धरला आणि दाबला. पुष्पीला ऐकू येत होतं, तिनं आमेन म्हटलंही होतं, पण सलोमीला ते काय ठाऊक? तिला आमेन मिळालं होतं, ते पुढे द्यायला हवं होतं. पुष्पीनं फुगलेल्या गालांनीच शिमोनचा हात दाबला. शिमोननं पुढच्याचा. सगळा गोल फिरून शेवटी तो दाब माझ्या डाव्या हातात परत आला.

मुलांना तो खेळ एवढा आवडला की त्यांनी त्या दिवशी अकरा वेळा प्रार्थना केली. सलोमीनं त्या दिवशी पहिल्यांदा आपली पाळी घेतली. ती भल्या मोठ्या आवाजात म्हणाली, “समद्यांची तोंडं दिसली, धन्यवाद. म्या फ्राक घान केला, चुकलं.” मग जरा थांबून, “बाईला रुमाल दे. आमेन.”

कारण मी परत रडत होते.

ढाल आम्हाला मिळाली नाही. बालरविवारी माझ्या सत्तावीस मुलांनी डोळे टक्क उघडे ठेवून, एकमेकांचे हात धरून प्रार्थना केली. परीक्षकांनी शिस्तीच्या वीस गुणांपैकी चार दिले आणि शेरा लिहिला, ‘प्रार्थनेच्या वेळी मुले इकडेतिकडे पाहतात.’ तो कागद मी माझ्या शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, जपून ठेवला आहे. ढाल मिळाली असती तर ती आता कुठल्या माळ्यावर पडली असती कोण जाणे.

नाताळनंतर शांतवन आणि मी सलोमीला मोठ्या दवाखान्यात दाखवून आलो. गोवरात कान गेले होते. अगदी जाड, मोठा आवाज तेवढा थोडासा पोहोचत होता, भोंग्यासारखा. डॉक्टरांनी पुण्याच्या एका शाळेचं नाव सांगितलं. अशाच मुलांची, राहण्याची सोय असलेली. साहेबांनी पत्रं लिहिली. जूनपासून तिला जागा मिळाली.

*

ती जाण्याआधीचा रविवार मला सगळ्यांत जास्त आठवतो.

साहेबांनी ठरवलं होतं की उपासनेच्या शेवटी सगळ्या मंडळीनं तिच्यासाठी प्रार्थना करायची. सलोमीला पुढे बोलावलं, मला तिच्याजवळ उभं केलं. पहिल्या बाकावर रूथबाई बाळाला घेऊन बसली होती, तिच्याजवळ शांतवन, इस्त्रीचा शर्ट घालून. सलोमीचा तोच पिवळा फ्रॉक, आता गुडघ्याच्या वर आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ती जाणार होती. या सहा-सात महिन्यांत मी तिला रोज संध्याकाळी घरी बोलावून अक्षरं शिकवली होती, ओठ हलवून हलवून माझे जबडे दुखले होते, आणि ती जाणार या विचारानं मला रात्रभर झोप लागली नव्हती.

साहेब म्हणाले, “आपण प्रार्थना करू.”

सगळ्या देवळानं माना खाली घातल्या. मी सवयीप्रमाणे सलोमीचा हात धरला आणि डोळे उघडे ठेवून साहेबांच्या तोंडाकडे पाहू लागले. आमेन आलं की तिला सांगायचं, हे माझं काम होतं.

सलोमीनं माझा हात ओढला. मी खाली वाकले. तिला हळू बोलता यायचं नाही, पण त्या दिवशी तिनं जेवढं जमेल तेवढं हळू बोलून बघितलं. तरी पहिल्या तीन बाकांना ऐकू गेलं.

“बाई, तुमी मिटा,” ती म्हणाली. “मी बघते. आमेन झालं का सांगते.”

मी तिच्याकडे बघितलं. ती साहेबांच्या ओठांवर नजर लावून उभी राहिली होती, ताठ, माझा हात घट्ट धरून.

मी डोळे मिटले.

दोन वर्षं मी मुलांना प्रार्थना शिकवत होते, आणि त्या दोन वर्षांत एकदाही मी डोळे मिटले नव्हते. आधी राखण करत होते म्हणून, नंतर हिला सांगायचं म्हणून. अंधार झाला. साहेबांचा आवाज लांब गेला. मग त्या अंधारात फक्त एक लहानसा, जरा घामेजलेला हात उरला. मला खूप काही म्हणायचं होतं, आणि काहीच सुचेना. शेवटी मीच मुलांना दिलेल्या तीन शब्दांपैकी पहिला मला मिळाला. तोच मी म्हणत राहिले. उन्हात ओट्यावर उभ्या राहिलेल्या त्या पोरीसाठी. तिनं मला माफ केलं, आणि त्याचा कधी उच्चारही केला नाही, त्यासाठी. ती माझ्या वर्गात आली, दुसऱ्या कुठल्या गावात गेली नाही, त्यासाठी. दुसरं काही मागावं असं मला वाटलंच नाही.

माझ्या हातावर दाब आला. एकदा. मग, मला कळलं की नाही अशी शंका आली असावी, म्हणून पुन्हा एकदा.

आमेन झालं होतं. मला ते कळलं होतं. तरी मी आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिले, आणि सलोमी माझा हात न सोडता थांबली.